तिसरा हेडफोन, सातवं वर्ष

गेल्या आठवड्यात एका वाक्यापाशी मी अकरा वेळा मागे गेले. मुलाखतीतल्या आजी ‘आम्ही पार थकलो होतो’ म्हणत होत्या की ‘फार थकलो होतो’, ते काही केल्या ठरेना. मुलाखतींची ध्वनिमुद्रणं ऐकून ती शब्दशः टाइप करून देणं हे माझं काम. त्यात पार आणि फार एक धरून चालत नाही. ‘फार’ थकलेला माणूस जरा बसून पुन्हा उठतो, ‘पार’ थकलेल्यात उठायचं बळच राहिलेलं नसतं.

ध्वनिमुद्रण स्वच्छ होतं. पण माझ्या खोलीतल्या पंख्याची घरघर मला ऐकू येत होती, आणि हेडफोनचं नॉइज कॅन्सलिंग, म्हणजे बाहेरचा आवाज मारणारी सोय, चालू असताना ती यायला नको होती. मी दोन्ही कपांवर तळवे ठेवून हलकेच दाबले. घरघर गेली. तळवे काढले, परत आली. म्हणजे कपांवरच्या मऊ गाद्या बदलायची वेळ झाली.

ही तळव्यांची परीक्षा मला आधीच्या दोन हेडफोनांनी शिकवली. दोघांचंही आयुष्य फार थोडं निघालं.

पहिला घेतला तेव्हा मी फक्त आवाज ऐकून घेतला. दुकानात दहा मिनिटं लावला, शांतता अंगावर आली आणि मी हरखले. चौदाव्या महिन्यात त्याची उजवी बिजागरी गेली. वॉरंटी बारा महिन्यांची होती. आज मागे पाहिलं की कारण स्पष्ट दिसतं. मी रोज एका हाताने, उजवा कप धरून, तो तिरका ओढून काढायची. दिवसातून दहा-बारा वेळा सगळा ताण त्याच एका प्लास्टिकच्या खुंटीवर. तिच्यावर केसासारखी बारीक चीर काही आठवडे दिसत होती, मी ती नुसता ओरखडा समजले. तुटल्यावर झटपट चिकटणारा गोंद लावला. तो वाळून काचेसारखा कडक होतो आणि बिजागरीला तर सतत हलायचं असतं. तिसऱ्या दिवशी सांधा पुन्हा सुटला. त्यानंतर एका कानात खरखर सुरू झाली आणि मग तो कान मुकाच झाला. बहुतेक हेडफोनांत बॅटरी एका कपात असते आणि दुसऱ्या कपाकडे जाणाऱ्या बारीक तारा हेडबँडमधून, बिजागरीच्या आतूनच जातात. सांधा डुगडुगायला लागला की तारा झिजतात. चीर दिसली त्याच दिवशी तो दुरुस्तीला दिला असता तर कदाचित वाचला असता.

दुसऱ्याची बिजागरी धातूची होती, ती मी मुद्दाम पाहून घेतली. तो गाद्यांनी गेला. दोन वर्षांनी गालावर, मानेवर, कॉलरवर काळा भुगा दिसायला लागला. आधी वाटलं, कुठली तरी काजळी असावी. मग एक दिवस गादीवरून बोट फिरवलं आणि पापुद्रा हातात आला. या गाद्यांवरचं ‘लेदर’ बहुधा पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो. हवेतला दमटपणा, घाम आणि उष्णता यांनी त्याची रासायनिक साखळीच तुटत जाते. वापरला नाही तरी ती तुटतेच, वापराने फक्त लवकर तुटते. कंपनीने त्या मॉडेलच्या गाद्या तोवर बंद केल्या होत्या. मी दुसऱ्या कंपनीच्या आणून बसवल्या. दिसायला हुबेहूब. पण कानात आवाज पोकळ आला, खर्ज खालच्या मजल्यावरून आल्यासारखा, आणि चालताना कानात धप् धप् असा दाब जाणवायला लागला.

दुरुस्ती करणाऱ्या एका माणसाकडे तो घेऊन गेले. त्याने हेडफोन उघडलासुद्धा नाही. माझ्या कानांवर ठेवला, कोपऱ्यातला मोठा पंखा चालू केला आणि म्हणाला, “आता दोन्हीकडून दाबा.” दाबले. खोली एकदम गप्प झाली. “सोडा.” सोडले, पंखा परत आला. “मशीन ठीक आहे ताई, फट आहे.”

त्या एका शब्दाने मला हे यंत्र समजलं. बाहेरचा माइक घरघर पकडतो, आतला सर्किट तिच्या नेमकी उलटी लहर तयार करतो आणि दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात. पुष्कळ हेडफोनांत कानाजवळ आतही एक माइक असतो, तो किती घरघर उरली ते पाहून दुरुस्ती करत राहतो. हे तंत्र खर्जातल्या, सलग आवाजांवर चालतं: इंजिन, पंखा, रस्त्याचा गुंजारव. साधारण एक हजार हर्ट्झच्या वरचे आवाज, म्हणजे भांड्यांचा खणखणाट किंवा बोलण्यातले ‘स’ आणि ‘ट’, हे मुख्यतः गादीच अडवते. आणि खर्जाचं काम करणाऱ्या आतल्या माइकलाही गादीने बंद केलेली जागा लागते. ती जागा किती खोल, फोम किती घट्ट, हे गृहीत धरूनच कारखान्यात सगळं जुळवलेलं असतं. चष्म्याच्या काडीएवढी फट पडली की खर्ज तिथून आत शिरतो. तेव्हापासून मी गादीला सुटा भाग मानत नाही, निम्मं यंत्र मानते.

हे तंत्र जिथे वाढलं त्या विमानांच्या जगात ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती, आणि ती आपल्यापर्यंत पोचली नाही याचं मला फार वाईट वाटतं. आवाजाला उलट्या आवाजाने मारायची कल्पना संशोधक पॉल ल्यूग यांनी 1936 सालच्या अमेरिकन पेटंटमध्ये मांडली. 1978 मध्ये झुरिकहून परतताना विमानातले हेडफोन लावून बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस यांना इंजिनापुढे संगीत ऐकूच येईना, तेव्हा त्यांनी प्रवासातच आकडेमोड सुरू केली. 1986 मध्ये व्हॉयेजर हे विमान कुठेही न उतरता, वाटेत इंधन न भरता नऊ दिवसांत पृथ्वीभोवती फिरलं, त्यात वैमानिक डिक रुटान आणि जीना येगर यांच्यासाठी बोसचे असे प्रायोगिक हेडसेट होते. 1989 मध्ये बोसचा वैमानिकांसाठीचा हेडसेट बाजारात आला, आणि सर्वसामान्यांसाठीचा त्यानंतर, 2000 साली. वैमानिकांच्या हेडसेटमध्ये कानाच्या गाद्या झिजणार हे धरूनच चालतात, त्या वेगळ्या विकत मिळतात आणि वेळच्या वेळी बदलतात. सामान्य ग्राहकाच्या हातात तीच वस्तू आली तेव्हा ही सवय सोबत यायला हवी होती. आपल्याला मात्र पेटीवर बॅटरीचे तास वाचायला शिकवलं गेलं.

तिसरा घेताना म्हणून मी उलट्या टोकापासून सुरुवात केली. आधी गाद्या शोधल्या, मग हेडफोन. ज्या मॉडेलच्या गाद्या कंपनी स्वतः विकते, शिवाय दोन-तीन इतर ठिकाणीही मिळतात, तीच यादीत ठेवली. ताजं मॉडेल जाणूनबुजून टाळलं. जे बाजारात येऊन दोन वर्षं झाली आहेत त्याचं दुखणं कुठे आहे ते लोकांना कळलेलं असतं. बिजागरी तुटत असेल तर तुटलेल्यांचे फोटो सापडतात. मग ते मॉडेल उघडून दाखवणारे व्हिडिओ पाहिले. गादी अंगठ्याने निघते का, खाली स्क्रू आहेत की सगळं गोंदाने बसवलंय, बॅटरीची तार प्लगने जोडलीये की थेट सोल्डर केलीये, एवढं पाहायला वीस मिनिटं पुरतात.

दुकानात जाताना चष्मा लावून गेले आणि अर्धा तास डोक्यावर ठेवला. अडीचशे ग्रॅम वजन पहिल्या पाच मिनिटांत कळत नाही, विसाव्या मिनिटाला टाळूवर कळतं. हेडबँड पूर्ण ओढून कप सगळ्या बाजूंनी फिरवले. कुठे करकर झाली तर तो परत ठेवला. बंद करून तार जोडली आणि वाजतो का ते पाहिलं. काही हेडफोन बॅटरी मेल्यावर तारेनेही वाजत नाहीत, त्यांचं आयुष्य बॅटरीबरोबरच संपतं. माझा वाजतो.

घडी होणारा घ्यावा की न होणारा, यावर कंपन्यांचंही एकमत दिसत नाही. सोनीने 2022 च्या डब्ल्यूएच-1000 एक्सएम5 मध्ये घडी काढून टाकली आणि 2025 च्या एक्सएम6 मध्ये परत आणली. मी न होणारा घेतला, कारण माझा हेडफोन टेबल सोडून फारसा कुठे जात नाही आणि प्रत्येक घडी म्हणजे एक जास्तीचा सांधा. रोज प्रवास करणाऱ्याने उलट करावं, कारण घडी न होणारा हेडफोन डबीशिवाय पिशवीत कोंबला तर तो सांध्याच्याही आधी मोडेल.

आज घ्यायचा असता तर बॅटरीला मी अजून वरचं स्थान दिलं असतं. फेअरफोन कंपनीच्या 2023 मधल्या फेअरबड्स एक्सएलमध्ये बॅटरी हाताने काढून बदलता येते आणि बाकी भागही सुटे मिळतात. युरोपीय संघात तर 18 फेब्रुवारी 2027 पासून, काही अपवाद सोडले तर, उपकरणातली लहान बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आणि बदलता आलीच पाहिजे असा नियम लागू होतोय. तोवर नवीन हेडफोनाशिवाय ज्यांचं अडत नाही त्यांनी थांबावं, असं मला मनापासून वाटतं.

बॅटरीबद्दल माझी एक मोठी गैरसमजूत होती. मी जपून जपून वापरायची, जणू प्रत्येक तास तिच्या आयुष्यातून वजा होतोय. एकदा कागद घेऊन हिशेब केला. रोज पाच तास, आठवड्याचे पाच दिवस, म्हणजे पंचवीस तास. एका चार्जिंगला तीस तास. वर्षाला साधारण त्रेचाळीस पूर्ण चार्जिंगं, सात वर्षांत तीनशे. लिथियम-आयन बॅटरी तीनशे ते पाचशे पूर्ण फेऱ्यांनंतर साधारण ऐंशी टक्क्यांवर येते, असं धरतात. म्हणजे वापराने ती लवकर मरत नाही. तिला मारतं ते ऊन, दिवसेंदिवस शंभर टक्क्यांवर लटकून राहणं आणि पार रिकामी होऊन खणात पडून राहणं. आता मी चार्जिंगला लावते तेव्हा फोनवर गजर लावते आणि ऐंशीच्या आसपास काढते. उन्हात उभ्या गाडीत तो कधीच सोडत नाही. सुट्टीवर जाताना निम्मा भरून ठेवते. तिसाचे आता बावीस तास झालेत, पूर्ण भरला तर माझे जवळपास साडेचार दिवस निघतात. कपाची शिवण उघडलेली किंवा गादी आतून वर आलेली दिसली तर मात्र बॅटरी फुगली असं समजून तो त्याच क्षणी बंद करायचा. चार्ज करायचा नाही, टोचायचं तर अजिबात नाही.

रोजची निगा म्हणाल तर काढताना दोन्ही हात. काम झालं की गाद्यांवर कोरडं मऊ कापड. चेहऱ्याला क्रीम लावल्यावर थोडा वेळ जाऊ द्यायचा. सॅनिटायझर गादीला लावायचा नाही, तो वरचा थर खातो. मानेत अडकवून फिरायचं नाही, त्याने हेडबँड ताणला जातो आणि दाब कमी झाला की परत फट.

दोन वर्षांपूर्वी उजव्या कानात भुंगा शिरल्यासारखं गुणगुणायला लागलं, फक्त खर्जाच्या आवाजांवर. मला वाटलं, ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा आतला पडदा, फाटला. गादी काढून भिंग लावलं तर जाळीतून आत शिरलेला एक केस पडद्याला टेकला होता. चिमट्याने हळूच ओढून काढला, भुंगा गेला. त्यानंतर महिन्यातून एकदा गाद्या काढून जाळी आणि माइकची भोकं कोरड्या मऊ ब्रशने झटकते. तोंडाने फुंकत नाही, थुंकीची ओल आत जाते.

गाद्यांची एक चूक तिसऱ्यातही झालीच. त्या बंद होतील या धास्तीने मी एकदम दोन जोड आणून ठेवले. पहिला वापरून होईपर्यंत, पाकीट न फोडलेला दुसरा जोड प्लास्टिकला चिकटून बसला होता. ओढला तर वरचा थर पिशवीलाच राहिला. आता एकच जोड आगाऊ घेते, कागदात गुंडाळून सिलिका जेलच्या पुडीबरोबर डब्यात ठेवते आणि तो वापरायला काढला की पुढचा मागवते. गाद्यांवर कापडी खोळी चढवूनही पाहिल्या. घाम टिपतात, पण माझ्या चष्म्याच्या बाजूने फट वाढली, म्हणून काढल्या.

हे सगळं शेवटी कानांसाठी आहे. प्रौढांसाठी आठवड्याला चाळीस तासांपर्यंत 80 डेसिबल, ही जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिलेली मर्यादा. माझे आठवड्याचे पंचवीस तास तर यातच जातात. फट असली की नकळत आवाज वाढवला जातो, कारण जाड घरघर वरच्या नाजूक आवाजांनाही झाकते. गेल्या महिनाभरात मी दोन-तीन पायऱ्या वर गेले होते आणि ते माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

रविवारी डब्यातला जोड काढला. जुन्या गाद्या अजून फुटल्या नव्हत्या, पण फोम चपटा होऊन परत फुगत नव्हता. नव्या बसवल्या, चारी बाजूंनी खटके बसल्याचं ऐकलं. पंखा पूर्ण वेगात चालू केला, तळवे दाबले, सोडले. काहीच फरक पडला नाही.

मग आवाज दोन पायऱ्या खाली आणला आणि आजींचं वाक्य लावलं. एकदाच ऐकावं लागलं. ‘पार’ म्हणत होत्या.