डावीकडून मेलो

बीजीएमआय, म्हणजे पबजीचा भारतातला अवतार असलेला मोबाईलवरचा मारामारीचा खेळ, त्यात क्राऊनच्या पायरीवरून तिच्या वरच्या एस (Ace) टियरला कसा गेलो, असं दोन-चार जणांनी विचारलं म्हणून लिहितोय. ब्राँझ ते प्लॅटिनम कसं गेलं ते मला आठवतही नाही. तिथं समोर निम्मे बॉट असतात, म्हणजे माणसं नाही, गेमच चालवतो ते, बंदूक नीट धरता आली की माणूस आपोआप वर सरकतो. डायमंडही असाच निघून गेला. क्राऊनला मात्र पावसाळ्यात पांदणीत बैलगाडी रुतावी तसा रुतलो. दोन सीझन. आणि दर वेळी एकाच खड्ड्यात. समोरच्यावर नेम धरलाय, तो पडायच्या बेतात आहे, आणि डावीकडून टर्रर्र. मी आडवा.

अजून आठवलं की डोकं फिरतं.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात. घरात रेंजची एक काडी, तीही खिडकीत फोन ठेवला तर. म्हणून खेळायची जागा म्हणजे शकुंतला रेल्वेच्या रुळाचा भराव. गाडी बंद पडून कित्येक वर्षं झाली, रुळात बाभळी वाढल्या, पण भराव उंच आहे आणि तिथं पिंग, म्हणजे नेटचा उशीर, साठ-सत्तरवर येऊन थांबतो. नाहीतर मग वावरात. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीची पाळी असली की हरभऱ्याला पाणी द्यायला मी आनंदानं जायचो. बाबांना वाटायचं पोरगं सुधारलं.

स्क्वाड चौघांचा. बुलेट, म्हणजे गोळीचा आवाज आला की तिकडे धावत सुटणारा. मास्तर, जो खरा मास्तर नाही, तलाठी भरतीचा अभ्यास करतो. किराणा, दुकानात बसूनच खेळतो, गिऱ्हाईक आलं की मॅचमध्ये तसाच उभा राहतो. आणि मी. पबजी 2020 च्या सप्टेंबरात बंद झाला तेव्हा आम्ही नुकते शिकत होतो. बीजीएमआय 2021 च्या जुलैत आला, 2022 च्या जुलैत स्टोअरवरून गेला, 2023 च्या मे महिन्यात परत आला. ही सगळी ये-जा सोसून आम्ही चौघं टिकलो, आणि अडलो कुठं, तर डाव्या बाजूला.

सुरुवातीला सगळ्यांचं एकच म्हणणं होतं, की माझा फोन हँग होतो. मग म्हणे सेन्सिटिव्हिटी, म्हणजे बोट ओढलं की नेम किती सरकतो ते, चुकली. मी तीन रात्री सेन्सिटिव्हिटीच्या आकड्यांत घालवल्या, जायरोस्कोप (फोन हलवून नेम धरायचा तो) चालू केला, बंद केला, परत चालू केला. नेम सुधारला, तो मान्य. पण जो दिसतच नाही त्याच्यावर नेम धरणार कसा? मरायचो तसाच, फक्त आता मरताना समोरच्याला जास्त गोळ्या लागलेल्या असायच्या.

मग इयरफोनवर संशय आला. आठवडी बाजारात घेतलेला वायरवाला. मास्तरनं कानात घालून पाहिला आणि म्हणाला, "अबे, डावा कान मेला हाय याचा." खरंच. डाव्या बाजूनं काहीच येत नव्हतं, आणि मी त्यावर किती महिने खेळलो देव जाणे. उजव्या कानात सगळं इतकं ठणठणीत ऐकू यायचं की दुसरा बंद आहे हे लक्षातच आलं नाही. नवा इयरफोन घेतला, त्या रात्री मला वाटलं संपलं एकदाचं. तिसऱ्याच मॅचमध्ये नकाशातल्या पोचिंकी गावाच्या बाहेर, दगडाच्या आड बसलो असताना, डावीकडून.

तरी सांगून ठेवतो, खेळायच्या आधी दोन्ही कान तपासा. कोणता इयरफोन कोणत्या कानात आहे हेही बघा. उलटा घातला तर माणूस बरोबर विरुद्ध दिशेला वळतो आणि पाठीत खातो.

त्यानंतर मास्तरनं वही काढली. भरतीच्या सराव प्रश्नांची जुनी वही, मागची पानं कोरी होती. नियम असा केला की मेल्यावर फोन आपटायचा नाही, डेथ रिप्ले पाहायचा आणि तीन गोष्टी लिहायच्या: कोणत्या बाजूनं मेलो, त्या वेळी काय करत होतो, आणि त्याआधी शत्रूचे किती जण दिसले होते. पहिल्या दोन गोष्टी मी उत्साहानं लिहिल्या. तिसरी मला उगाचची वाटायची, अर्ध्या वेळा ती जागा रिकामी.

41 वेळा मेल्यावर आम्ही भरावावर बसून बेरीज केली. 26 वेळा डावीकडून किंवा पाठीमागून. त्या 26 पैकी 17 वेळा मी एकच काम करत होतो: नॉक झालेल्याला, म्हणजे पडलेल्या पण अजून न मेलेल्याला, संपवायला निघालो होतो, नाहीतर तो मेल्यावर उरलेल्या पेटीतून सामान काढत होतो. बुलेट पोट धरून हसला. त्याची बेरीज केली तेव्हा त्याचं हसणं बंद झालं.

डावीकडूनच का, याचं कारण मास्तरनं शोधलं. थर्ड पर्सनमध्ये, म्हणजे आपला माणूस मागून दिसतो तेव्हा, कॅमेरा आपल्या उजव्या खांद्यामागे असतो. झाडाआड, दगडाआड उभं राहून उजवीकडून डोकावणं सोपं जातं, अंग कमी दिसतं. म्हणून आपण प्रत्येक आडोशाला तसेच चिकटतो. डावीकडे मग झाड, आपलंच अंग, आणि त्यात स्क्रीनवर डावा अंगठा कायम ठेवलेला. मिनिमॅप वर उजवीकडे, फायरचं बटण उजवीकडे, नजर उजवीकडे. डावा अर्धा फोन माझ्यासाठी नुसता अंगठा ठेवायचा पाट होता.

हे कळल्यावर मी डोळ्याचं बटण वापरायला लागलो. ते दाबून ओढलं की अंग न वळता नुसती मान वळते. आडोशाला बसलो की आधी डावीकडे एक नजर, मग मागे, मग समोर. गोळ्या भरताना तर हमखास, कारण त्या दोन-तीन सेकंदांत नेम धरून करणार काय? सुरुवातीला इतका विसरायचो की किराणा दर थोड्या वेळानं ओरडायचा, "डोळा!" त्याच्या दुकानातल्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना वाटायचं याच्या डोळ्यात काही गेलं.

पण एवढ्यानं अर्धंच काम झालं. मान फिरवत राहिलं तर समोरचा मारतो. सगळीकडे एकसारखं बघणं हेही न बघण्यासारखंच असतं, हे मला आणखी पंधरा-वीस मॅच हरून कळलं. कुठं बघायचं हे ठरवायला वहीतला तिसरा रकाना लागला, जो मी रिकामा सोडत होतो. रागानं परत जुने रिप्ले लावून जेवढे सापडले तेवढे भरले. प्रत्येक वेळी तेच: समोर दोन दिसले होते. कधी तीन. चार कधीच नाही.

समोरचा स्क्वाडही चौघांचाच असतो ना. दोन जण समोरून गोळ्या झाडत आहेत आणि बाकीचे दोन दिसत नाहीत, तर ते घरी जेवायला गेलेले नाहीत. ते फिरून येतायत. समोरचे दोघं तुम्हाला मारायला नाही, जागेवर बसवून ठेवायला गोळ्या झाडतात. आम्ही मूर्खासारखे चौघंही त्या दोघांवर तुटून पडायचो आणि वर खूश व्हायचो, की चार विरुद्ध दोन आहे.

तेव्हापासून आमच्यात एकच प्रश्न: "किती दिसले?" समोरून फायर आला की आधी हे. दोन म्हटलं की किराणा समोर बघणंच सोडतो, त्याचं काम उरलेले दोन शोधणं. त्याला आम्ही मुद्दाम हे काम दिलं, कारण त्याला मारामारीची हौस कमी आणि दुकानात बसून कोण काय उचलतं याकडे लक्ष जास्त. बुलेटला हे काम दोनदा दिलं होतं. दोन्ही वेळा तो समोर पळाला.

आणि समोरचा फायर अचानक थांबला तर तो घाबरला असं समजू नका. तो जागा सोडून निघालाय. आपल्या मनात तेव्हा नेमकं येतं, की चला आता पेटी उघडू. वहीतल्या त्या 17 मधले बरेच याच क्षणाचे आहेत. एक नॉक दिसला की चौघांनी एकदम त्याच्यावर गोळ्या घालायच्या नाहीत, हेही त्यातलंच. तो कुठं पळून जात नाही, गुडघ्यावर आहे बिचारा. त्याला उठवायला कोण येतं ते बघा, त्यावरून बाकीचे कोणत्या बाजूला आहेत ते कळतं.

झोनचं, म्हणजे खेळताना आकसत जाणाऱ्या सुरक्षित जागेचं, सांगायचं राहिलं. झोनच्या कडेची निळी भिंत ज्या बाजूनं येतेय, त्या बाजूच्या लोकांना आत यावंच लागतं. म्हणजे ती तुमच्या अंगावर यायच्या आधीची थोडी मिनिटं पाठ त्या बाजूला ठेवून बसायचं नाही. भिंत पुढे निघून गेली की मागून येणारे बहुतेक संपतात, मग मान पुढे वळवा. आम्ही पूर्वी बरोबर उलटं करायचो. झोनमध्ये पोचलो की आत तोंड करून बसायचो, आणि धापा टाकत बाहेरून येणारा कोणी सहज आम्हाला उचलायचा. त्याला तर आम्ही न मागता मिळालेलो.

सगळ्यात जास्त भांडणं मात्र बोलण्यावरून झाली. "तिकडं बे!" "कोठी?" "अबे तिकडं, झाडापाशी!" एरँगेल हा खेळातला 8 बाय 8 किलोमीटरचा नकाशा, त्यात झाडं किती? वर कंपास आहे, त्यावर आकडे आहेत, आणि आम्ही वर्षभर "तिकडं" म्हणत होतो. मास्तरनं दंड लावला. जो "तिकडं" म्हणेल त्यानं किराणाच्या दुकानातून चौघांना चकल्यांची पुडी आणायची. आठवडाभर किराणाचा धंदा जोरात. मग हळूहळू जमलं: "210, दगड, एक जण." तीन शब्दांत. त्यात आणखी एक सवय लागली ती चांगली: आकडा ऐकला की फक्त एकानं वळायचं. पूर्वी 210 म्हटलं की चौघं 210 ला वळायचे आणि 30 वरून मार खायचे.

याच काळात तालुक्यातली एक स्पर्धा भरली होती. फॉर्म भरणं, दोनशे रुपये फी, यात काही अडलं नाही. रूम आयडी, म्हणजे स्पर्धेच्या मॅचमध्ये शिरायचा नंबर, रात्री नऊला येणार होता. नऊला नाही, दहाला नाही. ग्रुपवर विचारलं तर एकाच माणसाचं उत्तर, "वेट भाऊ." अकरा वाजून वीस मिनिटांनी आयडी आला, तोवर किराणाच्या घरचे झोपले आणि बुलेटचा फोन बारा टक्क्यांवर. स्पर्धेत सोळा स्क्वाड, गुणांची पद्धत मोठ्या स्पर्धांसारखी: पहिल्याला 10, दुसऱ्याला 6, तिसऱ्याला 5, आणि प्रत्येक फिनिशला, म्हणजे मारलेल्या प्रत्येक शत्रूला, 1. एक मॅच तिसरे आलो. बाकीच्या दोन सांगण्यासारख्या नाहीत. पण त्या तिसऱ्या नंबरच्या मॅचमध्ये किराणानं मागून आलेल्या दोघांना पाडलं, कोणी सांगायच्या आधी, आणि नंतर अर्धा मिनिट कोणीच काही बोललं नाही.

एस टियर लागला तो मात्र वावरात. डिसेंबरची थंडी, रात्रीचे अडीच, मी मोटरीपाशी गोणपाट पांघरून बसलेलो. शेवटचा झोन, समोर तीन मोजलेले. चौथा कुठं आहे ते माहीत नाही, एवढं माहीत होतं. डोळ्याचं बटण दाबून डावीकडे पाहिलं तर गवतात लेटलेला. पहिल्यांदा मी आधी पाहिलं. ओरडलो असेन, कारण माळ्यावरून बाबांनी बॅटरी माझ्यावर मारली. ते डुकरांसाठी जागल करत होते.

"काय झालं बे? डुकरं आले काय?"

"नाही बाबा, एस लागला."

"काय लागलं?"

बॅटरीच्या उजेडात दिसलं, की दांड फुटून पाणी अर्ध्या तासापासून शेजाऱ्याच्या तुरीत चाललं होतं. पुढचं संभाषण लिहीत नाही. "तुह्या फोनातले लोकं दिसते तुले, वावरातलं पाणी दिसत नाही" एवढं एक वाक्य गावभर झालं, ते आजही ऐकवतात.

नवा सीझन लागला की टियर खाली येतो, तसा आलाच. परत डायमंडपासून सुरुवात. बुलेट कामासाठी पुण्याला गेला, त्याच्या जागी माझा मावसभाऊ घेतला. त्याला अठरा पूर्ण नाहीत, त्याला दिवसाला तीनच तास खेळता येतं, म्हणून त्याची घाई जास्त. परवा नकाशातल्या रोझोक गावाच्या वरच्या टेकडीवर समोरच्यांशी जुंपली. तीन पाडले. पोरगं लगेच पेटीकडे निघालं.

"थांब. किती दिसले?"

"तीन ना भाऊ. चौथा पळाला असन."

मी पण क्षणभर म्हटलं, असन. चौथा माझ्या डावीकडे होता.