घारापुरीची वीज

गेटवेवरून घारापुरीला जाणारी लाँच रविवारी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तासाभराचा प्रवास रेटारेटीत होतो आणि त्रिमूर्तीसमोर क्षणभरही निवांत उभे राहता येत नाही. लेण्यांविषयी थोरामोठ्यांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे. मला लिहायचे आहे ते पायऱ्यांलगतच्या एका दुकानातील फ्रिजविषयी.

गार ताक पिता पिता मी दुकानातल्या मावशींना बेटावर वीज कुठून येते, असे विचारले, तेव्हा त्यांनी न्हावा गावाच्या किनाऱ्याकडे हात केला आणि "समुद्राखालून," असे इतक्या अभिमानाने सांगितले की मी तिथेच बसलो. पूर्वी संध्याकाळी जेमतेम तीन तास जनरेटर चाले. तो बंद झाला की मुलांचा अभ्यासही थांबे, आणि समोर मुंबई मात्र रात्रभर लखलखत असे. तो समोरचा उजेड पाहत त्यांच्या सासूबाईंचे सारे आयुष्य गेले, हे त्यांनी कोणतीही तक्रार न करता सांगितले. माझ्या मनातून मात्र ते अजून जात नाही.

22 फेब्रुवारी 2018 रोजी महावितरणच्या या वीजपुरवठ्याचे उद्घाटन झाले. सुमारे साडेसात किलोमीटर लांबीची 22 केव्ही (22 हजार व्होल्टची) केबल खाडीच्या तळातून बेटावर आली आणि शेतबंदर, राजबंदर व मोराबंदर या तिन्ही वस्त्यांना चोवीस तास वीज मिळू लागली. खर्च सुमारे 25 कोटी रुपये. अशा केबलला खरा धोका खाऱ्या पाण्यापेक्षा बोटींच्या नांगरांचा असतो; म्हणून तिच्यावर पोलादी तारांचे चिलखत चढवतात आणि शक्य तिथे ती तळाच्या गाळात पुरतात. इतके कमी अंतर घरात येतो तो नेहमीचा एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारा, प्रवाह सहज कापतो. अंतर फार वाढले की लांब केबल स्वतःच विद्युतभार साठवू लागते, तिची बरीचशी क्षमता त्यातच खर्ची पडते आणि मग डीसीचा, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाचा, आधार घ्यावा लागतो.

स्वीडनने गोटलँड बेटाला सुमारे शंभर किलोमीटरच्या डीसी केबलने मुख्य भूमीशी जोडले, ते 1954 साली. घारापुरीची लेणी 1987 मध्ये जागतिक वारसा ठरली, जगभरातून माणसे येत राहिली, आणि त्यांना पाणी नि ताक देणाऱ्यांच्या घरात अखंड वीज यायला त्यानंतरही तीन दशके लागली. तंत्र ठाऊक होते, अंतर किरकोळ होते. मूठभर घरांसाठी एवढा खर्च कशाला, हाच हिशोब आड आला असावा, आणि तो मला मान्य नाही.

धक्क्यावर परतताना या केबलविषयी एखादा फलक दिसतो का, हे मी मुद्दाम पाहिले. मला तो दिसला नाही. लेण्यांच्या माहितीशेजारी तो लागायला हवा, आणि त्यावर त्या तीन वस्त्यांची नावे असायला हवीत.