सातपुडा ते सातमाळा, डांबर टाळून: हत्ती (हस्त नक्षत्र) ते होळीची नोंद

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. चोपडा तालुक्यात अडावदच्या वरच्या अंगाला उनपदेवचे गरम पाण्याचे झरे आहेत, तिथून निघायचं. चाळीसगावच्या खाली पाटणादेवीच्या डोंगरापाशी थांबायचं. म्हणजे खान्देश उभा कापायचा आणि डांबर जितकं टाळता येईल तितकं टाळायचं. एका दमात नाही, तुकड्यातुकड्याने. गाडी तीच जुनी जिप्सी.

आजचा हिशेब असा: सातपुड्याचा पायथा ते तापी हा तुकडा जुळला. तापी ते बोरी नदी निम्मा झाला. बोरी ते गिरणा नदी अजून कागदावरच आहे. पाटणादेवीकडचं शेवटचं टोक तसं सोपं, पण तिथे अभयारण्याची हद्द लागते, ते खाली लिहिलंय.

वाटा कशा शोधता, हा प्रश्न फार येतो. माझं ऐकाल तर उपग्रहाच्या चित्रापासून सुरुवात करू नका. त्यात शेतातली प्रत्येक पांढरी रेघ रस्ता वाटते. त्यातल्या कितीतरी शेतकऱ्याने कापूस काढायला त्या वर्षापुरत्या पाडलेल्या असतात. पुढच्या वर्षी जाल तर तिथे केळी उभी. सुरुवात गाव नकाशापासून करा. जुन्या गाव नकाशावर दुहेरी तुटक रेघ म्हणजे गाडीमार्ग, एकेरी तुटक रेघ म्हणजे पायमार्ग. गाडीमार्गाची रुंदी 16.5 ते 21 फूट धरलेली आहे, पायमार्गाची 8.25 फूट. कागदावर जिप्सी काय, ट्रकही जाईल. प्रत्यक्षात दोन्हीकडच्या बांधांनी वर्षानुवर्षं नांगराचा एकेक तास आत घेतलेला असतो, आणि उरते ती बैलगाडीपुरती वाट.

आमच्यात एक निवृत्त तलाठी आहेत, सगळे त्यांना नाना म्हणतात. त्यांचा एकच धोशा: शिव धरा. दोन गावांच्या हद्दीवरून जाणारा शिवरस्ता गावातल्या आतल्या वाटांपेक्षा जास्त टिकतो, कारण तो मोडला की भांडण दोन गावांचं होतं. नानांनी नोकरीत अशी प्रकरणं भरपूर पाहिली आहेत. बांधावरून वाट मागायची तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 चं कलम 143. वहिवाटीची वाट कोणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 चं कलम 5. पण हे हक्क शेतात जाणाऱ्या शेतकऱ्याचे आहेत, आपल्या हौसेचे नाहीत. वाटेत काटेरी झाप आडवी लावलेली दिसली की उतरायचं, माणूस शोधायचा आणि विचारायचं. माणूस नसेल तर गाडी मागे घ्यायची.

नकाशावर शिव सापडली की मग उपग्रहाचं चित्र उघडा, आणि जुनी चित्रं मागे सरकवत पाहा. एप्रिल-मेच्या चित्रात सगळंच रान उघडं असतं, त्यावरून काही कळत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या चित्रात हिरव्या पिकांमधूनही जी रेघ पांढरी राहते, ती खरी वाट.

आता माती. माझं ठाम मत झालंय की खान्देशात वाट ठरवायची ती अंतरावरून किंवा चढावरून नाही, पायाखालच्या मातीवरून. नदी ओलांडली की माती बदलते आणि मातीबरोबर हंगामही बदलतो.

सातपुड्याच्या पायथ्याला बझाडा पट्टा आहे. डोंगरातून नद्यांनी आणून टाकलेले गोटे, भरड आणि रेती. पाणी इथे जमिनीत झपाट्याने मुरतं, मेगा रिचार्जची (तापीचं पाणी जमिनीत मुरवण्याच्या योजनेची) सगळी चर्चा याच पट्ट्याची. आपल्याला त्याचा फायदा असा की पाऊस थांबला की दोन-तीन दिवसांत वाट चालू. नाले रुंद, उथळ आणि गोट्यांनी भरलेले. टायरमधली हवा 20-22 पीएसआयपर्यंत उतरवायची, लो रेंज (सावकाश चालीचा, जास्त जोराचा गिअर) टाकायची आणि गाडीला तिच्या चालीने जाऊ द्यायचं. गोट्यांवर वेग घेतला की टायरची बाजू कापली जाते. उनपदेवपासून खाली उतरताना बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता आडवा येतो, तेवढं डांबर ओलांडावंच लागतं.

हा तुकडा ऑक्टोबरअखेरीस जुळला. मधला एक नाला दोनदा पायी चालून पाहिला होता. पलीकडच्या काठावर चढ उभा आहे, पण मुरमाचा, आणि ट्रॅक्टरने पाडलेली चाकोरी आहे. ट्रॅक्टरची चाकोरी जिप्सीपेक्षा रुंद. आपल्या चाकांमधलं अंतर साधारण सव्वाचार फूट, त्यामुळे एक चाक चाकोरीत आणि दुसरं मधल्या उंचवट्यावर, गाडी कललेली. अशा ठिकाणी दोन्ही चाकं चाकोरीबाहेर काढून, उंचवटा आणि कडेची सरी यांवर ठेवून चढणं बरं. बैलगाडीची जुनी वाट असेल तर हा त्रास कमी, कारण ती चाकोरी आपल्या मापाच्या जवळपास असते.

पायथा सोडून खाली आलात की केळीचा मुलूख. इथे वाट चांगली असते, अडचण वेगळीच. ठिबकच्या नळ्या कुठे कुठे वाटेवर आडव्या टाकलेल्या असतात, एका गटातून दुसऱ्या गटात पाणी न्यायला. वरून गाडी गेली की नळी तिथल्या तिथे फाटत नाही, जोडापाशी सुटते, आणि ते शेतकऱ्याला संध्याकाळी मोटर चालू केल्यावर कळतं. म्हणून मी दोन फळ्या बरोबर ठेवतो. नळीच्या दोन्ही बाजूंना फळ्या टाकायच्या, मध्ये बोटभर फट ठेवायची आणि चाक फळ्यांवरून न्यायचं. एका केळीवाल्या आबांनी हे पाहिलं आणि पुढच्या दोन शिवारांतल्या वाटा त्यांनीच सांगितल्या. रानडुकरांसाठी लावलेल्या झटक्याच्या तारांकडेही लक्ष असू द्या. वळणावर गाडीचा आरसा तारेला लागतो.

तापीच्या काठाला गाळाची पिवळी माती, आणि त्या मातीत पावसाने पाडलेल्या घळी. दिसायला अप्रतिम, आणि फोटोवाल्यांची झुंबडही इथेच. पण घळीच्या कडेला गाडी नेऊ नका. कड आतून पोखरलेली असते आणि वरून सपाट दिसते. घळीत उतरायची वाट गुरांची असते. गुरं जातात म्हणजे गाडी जाते असं नाही.

नदी ओलांडण्याचं काय? पूर्वी उन्हाळ्यात तापीला उतार सापडायचे, असं जुनी माणसं सांगतात. आता प्रकाशा, सारंगखेडा, सुलवाडे असे बॅरेज झाल्यापासून खालच्या अंगाला पाणी तुंबलेलंच असतं. आपल्या रेघेवर निमगव्हाण-सावखेडा पूल आहे, मुकाट्याने त्यावरून जायचं. नदीपात्रातल्या वाळूचा मोह नको, आणि याला कारण गाडी नाही. पात्रात वाळूउपशाचे खड्डे असतात, पाणी भरलं की वरून कळत नाहीत. शिवाय पात्रात फोर बाय फोर दिसली की गावाला वाटतं वाळूवाले आले. दोन्ही गोष्टी आपल्याला परवडणाऱ्या नाहीत.

तापीच्या दक्षिणेला अमळनेर-पारोळा पट्टा. इथे काळी माती सुरू होते, आणि माझी गाडी इथेच अडली आहे.

या मातीचा स्वभाव काळ्या कापसाच्या मुलखातल्या माणसाला सांगायला नको. पाणी पिऊन फुगते, वाळली की भेगाळते. फसवते ती मधल्या काळात. वरून पापडी धरलेली, त्यावर चालून पाहिलं तर पायही बुडत नाही, आणि खाली वीतभर लोणी. चाकाची नक्षी दोन फेऱ्यांत भरते आणि टायर गुळगुळीत होतो. मग फोर बाय फोर असून उपयोग नाही, चारही चाकं जागच्या जागी फिरतात. माझी परीक्षा साधी आहे: अंगठ्याएवढी जाड काठी घ्यायची, चाकोरीच्या मध्ये अंगाचा भार देऊन दाबायची. अर्धी वीत गेली तर पुढे, एक वीत गेली तर थांबायचं, त्याहून जास्त गेली तर गाडी जिथे आहे तिथेच वळवायची. शिवाय खालची माती हातात घेऊन तळव्यावर वळायची. न तुटता पेन्सिलीएवढी वात झाली, तर अजून ओल आहे.

नोव्हेंबरात बोरीच्या अलीकडच्या एका शिवरस्त्यावर काठी सरळ आत गेली. बाजूच्या शेतात वेचणी चालू होती. एक बाबा धुऱ्यावर बसले होते, त्यांनी गाडीकडे पाहिलं, वाटेकडे पाहिलं आणि म्हणाले, “गाडी जाई भाऊ, पन निंघाव नही.” त्यांच्या हिशेबाने संक्रांतीनंतर या. जानेवारीअखेर गेलो तर तीच वाट दगडासारखी टणक, फक्त भेगा एवढ्या की स्टिअरिंग हातातून हिसका मारतं. तिथून निम्मा तुकडा पार झाला. उरलेला अर्धा बागायतीत आहे, तिथे पाटाच्या पाण्यामुळे संक्रांतीनंतरही ओल हटत नाही. तो तुकडा सोडून पूर्वेकडून माळाने जायचा विचार आहे.

याच पट्ट्यात दुसरीही गंमत होतेय. मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेतून 2021 पासून पाणंद रस्त्यांवर मुरूम आणि खडी पडू लागली आहे. नकाशावर मोठ्या हौसेने काढलेली वाट जागेवर गेलं तर छान दाबलेला खडीरस्ता. आपल्यातले काही जण यावर कुरकुरतात. मला ते पटत नाही. ज्याचा कापूस पावसात घरी येत नव्हता त्याला विचारा. आपण दुसरी वाट शोधू.

पावसाळ्यात घरी बसवत नाही अशांसाठी पश्चिमेचा पर्याय सांगतो. धुळे, साक्री, दोंडाईचा, नंदुरबार या टापूत काळी माती पातळ आहे आणि खाली कठीण मुरूम. शिवाय जमिनीतून काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती वर आलेल्या आहेत, पूर्व-पश्चिमेच्या आसपास धावणाऱ्या, काही कित्येक किलोमीटरच्या. दख्खनच्या लाव्ह्याच्या काळात भेगांमध्ये वर चढलेला रस तिथेच थिजला, आजूबाजूचा मऊ खडक झिजून गेला आणि भिंत उरली. भूगर्भवाले याला डाइक म्हणतात. आपल्या दृष्टीने महत्त्वाचं हे की भिंतीच्या पायथ्याने बहुतेक वेळा मेंढपाळांची किंवा गाडीची वाट असते, ती कोरडी असते, आणि भिंत जिथे तुटते त्या खिंडीतून पलीकडे जाता येतं. खिंडी उपग्रहाच्या चित्रावर स्वच्छ दिसतात; इथे मात्र ते चित्र गाव नकाशापेक्षा कामाचं. भामेर किल्ल्याच्या बाजूला ऑगस्टमध्ये अशा वाटेवर फिरलो, रिमझिम चालू असताना, आणि चाकाला चिखल लागला नाही म्हटलं तरी चालेल.

धडगाव-मोलगीकडे यंदा फक्त पाहायला गेलो. तोरणमाळच्या पुढे सिंदीदिगरकडे उतरणारा घाट, मोलगीच्या बाजारच्या वाटा. तिथे जाणाऱ्यांना एकच सांगणं: आपल्या गाडीची फुशारकी घरी ठेवा. बाजाराच्या दिवशी तिथले पिकअपवाले मागच्या दोन चाकांच्या जोरावर, माल आणि माणसं भरून ज्या वाटा चढतात, ते एकदा थांबून पाहा. वळणाच्या आधीच गिअर पाडलेला असतो, वळणात क्लचला पाय लागत नाही. मी तासभर एका वळणावर उभा राहून पाहत होतो. तिथल्या घाटांत चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, आणि होळीच्या आधीच्या आठवड्यात भोंगऱ्या बाजार असतात तेव्हा तिकडे गाडी घेऊन जाऊच नये. त्या दिवसांत तो रस्ता त्यांचा.

अभयारण्यांबद्दल. यावल अभयारण्य 1969 चं, गौताळा-औट्रमघाट 1986 चं. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे आणि त्यात हौसेला सूट नाही. आत ठरलेल्या रस्त्यावरून, वनखात्याच्या नाक्यावर नोंद करून. पाटणादेवीला माझी रेघ हद्दीच्या बाहेरच संपते. पुढे गाडी लावायची आणि केदारकुंड, धवलतीर्थ पायी. देवीच्या या पाटणगावात भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढल्याचा शिलालेख सापडला, तेवढ्यासाठी तरी वाकडी वाट करावी.

आता उन्हं चढली आहेत. पारा 44-45 वर गेला की गाडीपेक्षा माणूस आधी तापतो, त्यामुळे पावसाळ्यापर्यंत गाडीचं काम: मागचे लीफ स्प्रिंग उतरवून साफ करणं, ट्रान्सफर केसचं तेल बदलणं, फळ्यांना नवीन लोखंडी पट्ट्या. नाना बोरीच्या दक्षिणेच्या गावांचे नकाशे मिळवायच्या मागे आहेत. पारोळा-भडगावकडचं कोणी वाचत असेल तर मला एक माहिती हवी आहे: बोरीपासून गिरणेपर्यंत, काळ्या मातीच्या मधून मुरमाचा माळ कुठून कुठपर्यंत सलग जातो, आणि बहाळच्या बाजूला गिरणा फेब्रुवारीत आवर्तन (धरणातून सोडलेलं पाणी) नसताना कुठे ओलांडता येते. गावाचं नाव आणि शिव सांगितली तरी पुरे, बाकी आम्ही पायी पाहून येतो.