तलाव तुडुंब, तरी बदकं कमी का?

नागपूरच्या आसपासच्या तलावांवर ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून पाहुणी बदकं उतरू लागतात. पाऊस चांगला झाला त्या वर्षी हमखास विचारणा होते: पाणी एवढं आहे, मग पक्षी का दिसत नाहीत? उत्तर पाण्याच्या खोलीत आहे.

तलवार बदक बुडी मारून चरत नाही. डोकं पाण्यात, शेपटी आभाळाकडे, अशी उलटी होऊन मान पोचेल तेवढाच तळ ती चाळते. म्हणजे साधारण वीतभर ते दीड वीत पाणी. शेकाट्याचे गुलाबी पाय कितीही लांब असले तरी पाणी पोटाला लागलं की त्याचं चरणं थांबतं. छोट्या टिलव्याला तर नुसता ओला चिखल लागतो. लालसरी बुडी मारते, म्हणून तिला खोल पाणी चालतं. बाकीच्यांना उथळ काठच हवा.

म्हणून काठाचा उतार महत्त्वाचा. वीस फुटांत एक फूट असा सपाट उतार असेल, तर पाणी 30 सेंटीमीटर उतरल्यावर 6 मीटर रुंद चिखलपट्टी उघडी पडते. दगडी पिचिंगचा, म्हणजे काठावर रचलेल्या दगडी अस्तराचा, उतार दीडास एक (दीड फुटांत एक फूट) असतो. तिथे तेवढंच पाणी उतरलं तर जेमतेम 45 सेंटीमीटर पट्टी मिळते, तीही दगडाची. लाटांपासून वाचवायला पाळीला पिचिंग हवंच. पण सौंदर्यीकरणाच्या नावाखाली ते तलावाला चहूबाजूंनी करतात, ते अक्षम्य आहे. त्यात पाणथळ जागांच्या संरक्षणासाठीच्या 2017 च्या नियमांच्या व्याख्येतून पिण्यासाठी आणि सिंचनासाठी बांधलेले जलाशय वगळलेले आहेत, आणि आपल्याकडचे बहुतेक तलाव नेमके त्याच कामासाठी बांधलेले.

हा सपाट काठ बेशरम या झुडपालाही आवडतो. गुरं तिला तोंड लावत नाहीत, त्यामुळे दोन-तीन वर्षांत चिखलपट्टी झाकून जाते. नुसती छाटून ती मरत नाही. तोडलेला प्रत्येक तुकडा ओल्या मातीत पेऱ्यापासून मुळं धरतो. पावसाळ्यात तोडली तर तुकडे वाहत जाऊन दुसऱ्या काठाला लागतात, शिवाय तेव्हा त्या झाडोऱ्यात पक्ष्यांची घरटी असतात. मार्च-एप्रिलमध्ये पाणी मागे सरलं की, माती ओलसर असतानाच, सब्बल लावून मुळासकट उपटा आणि पूररेषेच्या वर नेऊन कडक वाळवा. पुढच्या उन्हाळ्यात त्याच जागी पुन्हा फिरावंच लागतं.

जलपर्णीचंही तसंच. फुलं येण्याआधी काढा, कारण तिचं बी गाळात वर्षानुवर्षं टिकतं. काढलेला ढीग काठावर कुजू दिला तर त्यातलं खत परत पाण्यात उतरतं. आणि सांडपाण्याचा नाला वळवला नाही, तर सगळी मेहनत वाया.

उन्हाळ्यात तलावातल्या बेटांकडेही लक्ष हवं. नदीसुरय हा पक्षी तिथे उघड्या जमिनीवर, खड्यांच्या रंगाची अंडी घालतो. पाणी जास्त उपसलं की बेट काठाला जोडलं जातं आणि कुत्री चालत आत जातात. एका रात्रीत सगळी वसाहत साफ होते. पाणी सोडण्याचं वेळापत्रक आपल्या हाती नसतं, पण बेट आणि काठ यांच्यामधला गाळ आधीच्या उन्हाळ्यात, अंडी-पिल्लांचा हंगाम उरकल्यावर आणि पावसाच्या आधी, खोल काढून ठेवता येतो. तेवढा चर पाण्याने भरलेला राहिला तरी कुत्री सहसा पलीकडे जात नाहीत.