पूल उघडा आहे

लेकीकडे न्यू जर्सीतल्या एडिसनला पाच आठवडे राहिलो. पुतळा पाहिला, उंच इमारती बघून मान दुखवून घेतली, नायगाराला रेनकोट घालूनही भिजलो. हे सगळं नातेवाइकांना फोनवर इतक्यांदा सांगून झालंय की इथे पुन्हा नको. लिहायचंय ते एका लोखंडी पुलाबद्दल. त्याच्यापायी अख्खा शनिवार गेला, आमचं भांडण झालं, आणि ज्या फोटोसाठी गेलो तो मिळाला नाही तो नाहीच.

पुलाचं नाव स्पायटन डायव्हिल. जावयाने उच्चार तीनदा घोटून घेतला. नाव डच, त्यात सैतान आहे एवढं नक्की. तो नेमकं काय करतो यावर एकमत नाही. न्यूयॉर्क शहरात, मॅनहॅटन बेटाच्या उत्तर टोकाला हार्लेम नदी हडसनला मिळते, तिथे पाण्याला जवळजवळ टेकलेला हा रेल्वेचा फिरता पूल आहे. १९०० सालचा. भरतीच्या पाण्यापासून जेमतेम पाच फूट वर. इतक्या खालून बोट जाणार कशी? म्हणून मधला सुमारे २९० फुटांचा तुकडा नदीतल्या एका खांबावर तोलून बसवलाय. बोट आली की जात्याची वरची तळी फिरावी तसा तो फिरतो आणि दोन्ही बाजूंनी वाट करून देतो. १९६३पर्यंत हे काम वाफेवर चालायचं, मग विजेची मोटर आली.

मला अशा पुलांचं वेड आहे. रामेश्वरजवळ पांबनला दोनदा गेलो होतो, दोन्ही वेळा जुना पूल मिटलेलाच पाहिला. त्यामुळे या खेपेला ठरवलं होतं, फिरताना फोटो घेतल्याशिवाय हलायचं नाही. जावई म्हणाला, "बाबा, तुम्ही एडिसनहून गाडीने येता ना, तेव्हा हॅकेन्सॅक नदीवर असाच पूल लागतो." पोर्टल ब्रिज, १९१०चा. एडिसनची कितीतरी मराठी मंडळी तेव्हा रोज त्यावरून ऑफिसला जायची. तो फिरतो हे जावयाला माहीत होतं ते एवढ्यासाठीच, की फिरल्यावर कधीकधी नीट परत बसत नाही आणि याची मीटिंग बुडते. कौतुकाचा मागमूस नाही.

पेन स्टेशनहून १ नंबरची सबवे धरली आणि २२५व्या स्ट्रीटला उतरलो. या भागाला मार्बल हिल म्हणतात, आणि त्याची गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १८९५ साली बोटींसाठी इथे कालवा खणला, त्यात हा तुकडा मॅनहॅटनपासून सुटून बेट झाला. पुढे उत्तरेकडचं जुनं पात्र बुजवलं, तेव्हा तो उत्तरेच्या ब्रॉन्क्स विभागाला जाऊन चिकटला. पण कागदोपत्री अजून मॅनहॅटनच! म्हणजे नदी पलीकडे गेली तरी सातबारा जुन्याच तालुक्यात. गावाकडे अशा भानगडी पाहिलेल्या माणसाला एकदम घरच्यासारखं वाटलं.

तिथून चालत नदीकाठच्या बागेपर्यंत. सरळ उतार. बायको थांबून म्हणाली, "अहो, हे सगळं परत चढायचंय ना?" मी ऐकू न आल्यासारखं केलं. गुडघ्यांचा विषय मी पुढच्या भांडणासाठी राखून ठेवला होता, तिने तो आधीच काढला.

ऑक्टोबरचं ऊन, वारा मात्र कान कापणारा. समोर पूल सरळ, मिटलेला. मागे डोक्यावर निळी कमान, हेन्री हडसन ब्रिज, १९३६चा, त्यावरून मोटारींचा अखंड घूं आवाज. तिवई उघडली, लेन्स लावली, दशम्या आणि लसणाची चटणी काढली. आमच्या काठाने वळसा घेऊन लोकल जात होत्या. दोन-तीनदा मी धावत कॅमेऱ्याला डोळा लावला आणि गाडी पुलावर न वळता सरळ निघून गेली. पुलावरून जातात त्या लांबच्या, ऑल्बनीकडच्या, दिवसातून मोजक्या. हे मला एका बाकावरच्या आजोबांनी सांगितलं, तेही माझ्या चौथ्या धावेनंतर.

दीड तास काही नाही. मिटलेल्या पुलाचे एकशे तेवीस फोटो काढून झाले. मग वाटलं, वरच्या रस्त्यावरून वेगळा अँगल मिळेल. बायकोला म्हटलं, "मी वर जाऊन येतो. पूल उघडला की लगेच हाक मार."

वर नुसती झाडं. पानगळ अर्धीच झालेली, फटीतून पुलाचा एक खांबही धड दिसेना. दहा-पंधरा मिनिटं इकडेतिकडे केलं. तेवढ्यात खालून फोन. "अहो, उघडला! लवकर या!" तो उतार मी ज्या वेगाने उतरलो, त्याचा हिशेब गुडघे अजून चुकवतायत. खाली येऊन बघतो तर पूल मिटलेला. सरळ. आणि उजवीकडे हडसनमध्ये पर्यटकांची एक मोठी बोट पाठ दाखवून चाललेली.

"उघडला म्हणालीस ना?"

"मग? उघडलाच की. बघा, रूळ जुळले. आत्ता गाडी येईल."

"आणि बोट गेली तेव्हा?"

"तेव्हा बंद होता. आडवा फिरला होता ना. बंद असताना कशाला हाक मारू?"

मी काय बोललो ते लिहीत नाही. बाकावरचे आजोबा मराठी येत नसूनही दुसरीकडे बघायला लागले.

खरं सांगायचं तर चूक कुणाची हे मला अजून ठरवता आलेलं नाही. सासरे गेटमन होते, इगतपुरीच्या पुढे एका फाटकावर. आपण बाकीचे लोक फाटक उघडं म्हणतो ते रस्त्याच्या बाजूने. तिचं बालपण रुळांच्या बाजूला गेलं. गाडीला वाट मिळाली म्हणजे उघडं, नाही मिळाली म्हणजे बंद. फाटक लागून कुलूप पडल्याशिवाय सिग्नल पडायचा नाही. हे मला माहीत होतं, पण लग्नाला तेहतीस वर्षं होऊनही त्या बाजूने मी कधी बघितलं नव्हतं. मग लक्षात आलं, पुलाचीही तीच तऱ्हा. १९८२ साली इथल्या गाड्या बंद झाल्या, पुढच्या वर्षी एक जहाज पुलाला धडकलं आणि तो फिरलेल्या अवस्थेतच अडकून पडला. कितीतरी वर्षं. बोटवाल्यांच्या लेखी उघडा, रेल्वेच्या लेखी बंद. दुरुस्त होऊन १९९१च्या एप्रिलमध्ये गाड्या पुन्हा सुरू झाल्या. २०१८च्या उन्हाळ्यात तर दुरुस्तीसाठी मधला तुकडा तरंगत्या क्रेनने उचलून नेला होता.

राग ओसरल्यावर विचारलं, "बरं, फिरताना दिसला कसा?"

ती सांगत गेली. आधी टोकं किंचित हलली, मग वाटलं पूल नाही, आपलाच काठ फिरतोय. बोटीवरचे सगळे मोबाइल वर करून उभे. पण तिचं लक्ष बोटीकडे नव्हतं. पुलाच्या मधोमध, रुळांच्या वर, एक खोली आहे. पूल फिरवणारा माणूस तिथे असतो. पूल आडवा झाल्यावर तो बाहेर येऊन कठड्याला टेकला, हातात कप.

"दोन्ही काठांपासून तुटलेला हो. चारी बाजूंनी पाणी. त्याला काही झालं तर कोण जाणार?" मग थोड्या वेळाने, "बाबांचा डबा कधी गरम खाल्लेला मी पाहिला नाही. झाकण उघडलं की मालगाडी."

तिने त्याला हात केला होता. त्यानेही केला.

"फोटो काढलास?"

तिने मोबाइल दाखवला. अर्ध्या फोटोत अंगठा, उरलेल्यात राखाडी आभाळ आणि खाली एक ठिपका. ठिपक्याला हात आहे असं ती म्हणते. मी मोठा करकरून पाहिला. असेलही.

वीस मिनिटांनी गाडी आली. चांदीच्या रंगाचे डबे, अगदी सावकाश, पाण्यावरून चालत आल्यासारखे. तो फोटो मात्र चांगला आलाय, खाली जोडतोय. दुसऱ्या बोटीसाठी थांबायचं होतं, पण उजेड उतरला आणि बायको उठून चालूही लागली. चढ बघून मी मुकाट्याने तिवई खांद्यावर घेतली.

रात्री एडिसनच्या गाडीत दोघंही पेंगत होतो. हॅकेन्सॅकच्या आसपास गाडी मंदावली. बायकोने खिडकीला कपाळ टेकवून बाहेरच्या काळोखात बघितलं आणि म्हणाली, "उघडा आहे."

मी वाद घातला नाही.