चंबळच्या बीहडात गुग्गुळाच्या शोधात

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी शनिवारी मारुतीपुढे गुग्गुळ जळतो आणि काकांच्या दवाखान्यात योगराज गुग्गुळ या आयुर्वेदिक औषधाच्या बरण्या कायम असतात. पण जंगलात उभं असलेलं गुग्गुळाचं झाड मी कधी पाहिलं नव्हतं. फेब्रुवारीत काकांबरोबर मुरैन्याच्या बाजूला निघालो.

चंबळ जवळ येऊ लागली की सपाट शेतं संपतात. मातीचे कडे, खोल घळी, हेच बीहड, आणि जिकडेतिकडे विलायती बाभूळ. वाट दाखवायला आलेले गावातले दादा एका उतारावर थांबले. "ये रहा गूगल."

माणसाच्या उंचीचं, वेडंवाकडं, एकही पान नसलेलं झाड. फांद्यांची टोकं काट्यासारखी. खोडाची साल पापुद्र्यासारखी सुटत होती, आत हिरवट, गुळगुळीत अंग. शेजारच्या झाडाला मात्र कुणीतरी खोलवर चिरा मारल्या होत्या. कडेला पिवळसर डिंक, म्हणजेच गुग्गुळ, थिजलेला, वरच्या फांद्या वाळून गेलेल्या. काका बराच वेळ त्या खोडावर हात ठेवून उभे होते. "अरे, हे रक्त काढणंच झालं," एवढंच म्हणाले.

डिंक देण्याजोगं व्हायला या झाडाला आठ-दहा वर्षं लागतात आणि मिळतो तो काही शे ग्रॅम. उथळ चीर दिली, झाडाला विसावा दिला, तर ते जगतं. जास्त डिंकाच्या हावेनं खोल चीर देऊन वर रसायन चोपडलं की डिंक भरभरून येतो आणि झाड मरतं. कच्छ, राजस्थान, चंबळ, सगळीकडे हेच होत आलं. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या लाल यादीत आज गुग्गुळ 'अतिसंकटग्रस्त' आहे.

छाट कलमं पावसाळ्यात सहज मुळं धरतात, त्यामुळे रोपवाटिका उभ्या करता येतात. मला तेवढ्यानं समाधान नाही. रानातली बहुतेक झाडं मादी असतात, नर क्वचितच सापडतो, आणि बरंचसं बी परागीभवनाशिवायच धरतं. म्हणजे रोपं आईसारखीच, वाण आधीच एकसुरी. त्यात एकाच झाडाची कलमं लावत सुटलो, तर एखाद्या रोगापुढे सगळी एकदम बसतील. नर झाडं आणि जुनी, बी धरणारी झाडं आहेत त्या जागीच राखायला हवीत.

दादांचं म्हणणं याहून रोखठोक होतं: डिंक विकणाऱ्याला उथळ चिरेचा चांगला भाव द्या, खोल चीर कोण मारेल? पलीकडच्या बीहडात शेतीसाठी ट्रॅक्टरनं जमीन सपाट करणं चालू होतं. तिथेही गुग्गुळ होता, असं ते म्हणाले. परत निघण्याआधी काकांनी या उतारावरची झाडं एकेक करून वहीत उतरवून घेतली, चिरा पडलेली वेगळी.