४४ फुटी ऑइलसाठी तिसरा बॉल: निवडला, ड्रिल केला, पॅड मारला

मंडळी, मागे म्हटलं होतं तसा बोलिंगचा (दहा पिनांचा खेळ) तिसरा बॉल अखेर घेतला. अलिबागकरांनी बॉल घेताना एक जादा हिशेब करावा लागतो: पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद, म्हणजे मांडव्याहून रो-रो, आणि बॅगेत १५ पौंडांचे तीन नग. मुंबईच्या सेंटरपर्यंत पोचेतोवर खांदा वॉर्म-अप होऊनच येतो.

निमित्त असं, की सेंटरवर सरावासाठी ४४ फुटांचा सपाट पॅटर्न (लेनवर ऑइल पसरायची आखणी) टाकायला लागलेत. हाऊस शॉटमध्ये (सेंटरच्या रोजच्या पॅटर्नमध्ये) आपले लाड होतात. मधे ऑइल भरपूर, कडेला जवळजवळ कोरडं. बॉल बाहेर गेला तरी कोरड्या फळ्या (लेनच्या उभ्या पट्ट्या) त्याला पॉकेटकडे (पहिल्या पिनेलगतच्या फटीकडे) परत आणतात. सपाट पॅटर्नवर कडेलाही ऑइल असतं, बाहेर गेलेला बॉल बाहेरच राहतो. त्यात लेन ६० फुटांची, म्हणजे ऑइल संपल्यावर बॉलला वळायला उरतात १६ फूट. ३१चा नियम लावला तर ४४ वजा ३१, म्हणजे ऑइल संपतं तिथे बॉल कडेपासून १३व्या फळीच्या आसपास हवा. मी पहिल्यांदा सवयीने सातवीवरच फेकत होतो. तिथून परतीचं तिकीट नाही.

माझा जुना पर्ल (आवरणात अभ्रक मिसळलेला बॉल) पॉलिश केलेला आहे. या ऑइलवर तो लांबवर घसरत जातो आणि शेवटी एक तर धाडकन वळतो किंवा वळतच नाही. दोन सारख्या फेकींना दोन निकाल, मग फळी बदलायची कशाच्या जोरावर?

ऑइल जास्त म्हटलं की सगळे सांगतात, सर्वांत तगडा असिमेट्रिक (आतला गाभा असमान असलेला) घे. मला ते पटलं नाही. सपाट पॅटर्नवर तगडा बॉल आपली प्रत्येक चूक मोठी करून दाखवतो, आणि गेम पुढे सरकून ऑइल उडालं की लवकर वळून दम सोडतो. युरेथेन आवरणाच्या बॉलचाही विचार केला. त्याची चाल छान एकसारखी असते, पण तो ऑइल फारसं पीत नाही, पुढे ढकलत नेतो. लांब पॅटर्नवर माझ्यासारख्या कमी रेव्हवाल्याचा (कमी फिरकी देणाऱ्याचा) बॉल पिनांपर्यंत मेलेलाच पोचणार. सेंटरवरचे एक काका म्हणाले, "अरे, जो बॉल लेन वाचून दाखवेल तो घे. स्ट्राइक मग बघू." त्यांचं ऐकलं.

घेतला तो अभ्रक नसलेला, ऑइलवर पकड घेणारा सॉलिड रिअ‍ॅक्टिव्ह, सिमेट्रिक कोअर (समान गाभा), आरजी (बॉल किती लवकर रोल पकडतो त्याचं माप) २.५०च्या जवळ, डिफरेन्शियल (वळण्याचा वाव सांगणारा आकडा) ०.०४५च्या आसपास. नियमाची कमाल ०.०६० आहे, तेव्हा हा मधलाच. ड्रिलिंगआधी पीएपी (माझ्या फेकीत बॉल ज्या आसाभोवती फिरतो त्याचं बॉलवरचं टोक) नीट मोजून घेतला, कारण यूएसबीसीच्या (अमेरिकेतली बोलिंग संघटना) नियमात ऑगस्ट २०२० पासून बॅलन्स होल (बोटांच्या भोकांखेरीज पाडलेलं जादा भोक) बंद आहे. भोकांचं फसलेलं ले-आउट नंतर भोक पाडून सावरता येत नाही.

पण खरा फरक पडला तो पॅडने. बॉल घरी चुंबळीवर बसवला (आईची, पाण्याच्या हंड्याची, बॉल तसूभर हलत नाही), २००० ग्रिटचा घासायचा पॅड (आकडा जितका मोठा तितका गुळगुळीत) ओला केला आणि बाजू बदलत सारख्या दाबाने फिरवला. चमक जाऊन मंद, साय धरल्यासारखा पृष्ठभाग आला. आता बॉल मधल्या टप्प्यातच रोल पकडतो आणि पॉकेटमध्ये शिरताना उड्या मारत नाही. परत आलेल्या बॉलवर ऑइलची कडी बघायची सवय लावून घ्या: माझी अंगठ्याच्या वरून सुरू होऊन पंख्यासारखी सुटी सुटी दिसतात, म्हणजे प्रत्येक फेऱ्यात कोरडा भाग लेनला लागतोय. फेक झाली की मायक्रोफायबरने पुसायचाच. स्पर्धा सुरू झाल्यावर पॅड मारता येत नाही, त्यामुळे जे काय ते आदल्या रात्री.

दमट हवेत अंगठा फुगतो, हे कोकणातल्यांना सांगायला नको. भोकातली एक टेप काढली तेव्हा सुटका मोकळी झाली.

कोपऱ्यातल्या दहा नंबरच्या पिनला अजून जुना, सरळ जाणारा प्लास्टिकच. पुढच्या महिन्यात ३७ फुटी टाकणार म्हणतात, म्हणजे सहावी फळी. तिथे हा बॉल २०००वर फार लवकर वळेल असं वाटतंय, म्हणून ४०००चा पॅड आणून ठेवलाय.